पाणी वाहील त्याचं

आमच्या घरात भट्टीचं तेल पुरुषांचं आणि भट्टीचं पाणी बायकांचं. हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ठरलेलंच होतं, घराचा उंबरा कुठं आहे हे ठरलेलं असतं तसं.

शेत होतं सुगंधी गवताचं. त्या गवताची पात दिसायला नाजूक, पण कडेनं अशी धारदार की कापणीच्या दिवसांत आमच्या मनगटांवर मांजरानं ओरबाडल्यासारख्या रेघा असत आणि त्यांत घाम शिरला की आग आग होई. कापलेलं गवत सावलीत जरा मलूल होऊ द्यायचं, मग तांब्याच्या मोठ्या हंड्यात पायांनी तुडवून भरायचं, झाकणाच्या कडेला ओल्या मातीचा लेप द्यायचा आणि खाली जाळ घालायचा. वाफ नळीतून निघायची. ती नळी वेटोळी घेत हौदातल्या गार पाण्यातून जायची आणि हौदाच्या पलीकडे तिच्या तोंडातून थेंब पडू लागायचे, अरुंद गळ्याच्या एका भांड्यात. भांडं भरत आलं की वर पिवळं तेल आणि खाली पाणी. तेल मामंजी, म्हणजे माझे सासरे, स्वतःच्या हातानं काढून बाटल्यांत भरत. खालचं पाणी आमच्या रांजणांत.

हौदातलं पाणी मात्र सतत गार असावं लागतं. ते तापलं की वाफ नीट थंडावत नाही आणि तेलाला जळक्या दोरखंडाचा वास येतो. म्हणून हौदातलं ऊन पाणी खालून सोडत राहायचं आणि वरून गार ओतत राहायचं. ते गार पाणी विहिरीवरून डोक्यावर आणायचं काम बायकांचं. पूर्वी म्हणे भट्टीचं पाणी नुसतं ओतून देत. मग घरातल्याच कुणा बाईनं म्हटलं, आम्ही पाणी वाहतो तर आम्हाला पाणी तरी द्या. पुरुष हसले असतील आणि हो म्हणाले असतील. तेव्हापासून आमच्याकडे म्हण पडली, पाणी वाहील त्याचं पाणी.

त्या पाण्याला वास असायचा. लिंबाच्या पानाचा, थोडा शिजल्या गवताचा आणि मागून किंचित कडवट. त्या वासानं खोली झोडपून निघत नसे. कपाळावर लावलं तर जरा वेळानं कळायचं की डोकं हलकं झालंय. गावची सुईण ते न्यायची, बाळंतिणीच्या खोलीत शिंपडायला. ज्यांच्या घरात माणूस खूप दिवस अंथरुणाला खिळलेलं, ते न्यायचे. सुईणीला आणखी एक बाटली लागायची, अंग चोळायला, तेलाचे थेंब घातलेली. ती करायची हातोटी घरात एकाच बाईला होती. माझ्या नणंदेला.

वन्सं माझ्या ह्यांच्यापेक्षा वयानं मोठ्या. नवरा गेल्यावर सासरच्यांनी त्यांना त्यांच्या पेटीसकट आणून सोडलं होतं आणि पेटी उतरवायलाही कुणी थांबलं नव्हतं. त्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर चुंबळ ठेवून विहिरीला गेल्या. मी घरात आले तेव्हा चुंबळीनं त्यांच्या टाळूवरचे केस झिजून गेले होते. पाण्याच्या बदल्यात लोक जे देत, कुणी धान्य, कुणी कापड, कुणी दोन हातांचं काम, त्यावर त्या स्वतःचं स्वतः भागवत. घरात जेवत, पण धान्याच्या कणगीत आपला वाटा आधी ओतून मग जेवत. भट्टीमागच्या पडवीत त्या राहत. सुताराची बायको अडली होती तेव्हा वन्संचं पाणी तिकडं गेलं होतं, त्याबदल्यात सुतारानं त्या पडवीला एक दार करून दिलं. साधं दार, पण आतून कडी असलेलं. आमच्या घरात कुणाच्याच खोलीला आतून कडी नव्हती, माझ्यासुद्धा. वन्सं रात्री ती लावत आणि त्या कडीचा आवाज मला माझ्या अंथरुणात ऐकू यायचा. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू.

ते वर्ष कोरडं गेलं. गवत गुडघ्याच्या वर आलंच नाही आणि जे आलं ते काडीसारखं. विहीर इतकी खाली गेली की दोर जोडावा लागला. जोडाची गाठ रहाटावर अडकायची, मग एकीनं वाकून ती सोडवायची आणि दुसरीनं तोवर भरल्या बादलीचा भार पोटाशी धरायचा. हंडे भरायला दुप्पट वेळ, आणि ऊन असं की हौदातलं पाणी भट्टीनं तापायच्या आधी सूर्यानंच तापायचं. मामंजी गप्प झाले होते. ते मुळात वाईट माणूस नव्हते. तेल कमी आलं की मात्र माणूस कसा होतो ते मी त्या वर्षी पाहिलं.

तेल न्यायला शहरातून एक व्यापारी यायचा. गावात त्याला अत्तरवाला म्हणत. त्या खेपेला तो धुळीनं माखून आला, वन्संनी त्याला तोंड धुवायला तांब्याभर भट्टीचं पाणी दिलं. त्यानं तोंडावर मारलं, मग थांबला, ओंजळ नाकाशी नेली. हे काय म्हणून विचारलं. मामंजींनी सांगितलं, काही नाही, तेलाखालचं पाणी, बायका ठेवतात. मग अत्तरवाला ओट्यावर बसून सांगू लागला की शहरात आता असं पाणी बाटलीत भरून विकतात. बायका ते आंघोळीच्या पाण्यात घालतात, रात्री उशीवर शिंपडतात, त्यानं म्हणे मन शांत होतं.

मामंजी म्हणाले, "मन शांत करायला इकडं पाठवून द्या त्यांना. दिवसभर हंडे वाहिले की उशीसुद्धा लागत नाही."

अत्तरवाला हसला नाही. जेवढं असेल तेवढं पाणी नेईन म्हणाला, आणि पुढच्या फेरीला रिकामे डबे घेऊन येतो असं सांगून गेला.

त्या संध्याकाळी जेवताना मामंजींनी सांगून टाकलं. वर्ष असं आहे, तेल पुरत नाही, तेव्हा यंदापासून पाणीही शहरात जाईल. हे मान खाली घालून जेवत होते. मी वाढत होते.

वन्संनी विचारलं, "आणि हौदाचं?"

"हौदाचं काय?"

"हौदाचं पाणी कोण वाहणार?"

"जे वाहतात तेच."

"पाणी वाहील त्याचं पाणी, आबा."

मामंजींनी घास खाली ठेवला. घर सगळ्यांचं आहे म्हणाले, तसं पाणीही सगळ्यांचं.

"मग तेलही सगळ्यांचं का?"

ह्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा असूनही तोंडाला लावला. मामंजी हळू आवाजात बोलले. ते रागावले की त्यांचा आवाज खाली जायचा. "माझ्या छपराखाली राहून मला वाटण्या शिकवतेस?"

"छप्पर तुमचं आहे," वन्सं म्हणाल्या. "दार माझं आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरापुरतं पाणी आणलं. मग आपले हंडे घासले, पुसले आणि भिंतीकडेला पालथे घातले. विळा घेऊन गवत कापायला निघाल्या. मी माझा हंडा हातात घेऊन तशीच उभी. त्यांच्यामागं गेले आणि विचारलं, वन्सं, मी काय करू? त्यांनी मागं न बघता सांगितलं, "तुझं तू बघ, वहिनी. तुला नवरा आहे, मला दार आहे."

मी वाहिलं. पण एका डोक्यानं हौद गार राहत नाही. मग ह्यांनी खांद्यावर आडवी काठी घेऊन दोन्हीकडं बादल्या लावल्या, आणि तेही पुरेना तेव्हा मामंजी स्वतः निघाले. पुरुषांना पाणी उचलायला ताकद असते, पण ते सांडू न देता चालायला मान लागते, ती त्यांना नव्हती. विहिरीपासून घरापर्यंत ओली रेघ उमटायची आणि हौदात पडायचं अर्धं. लोहार आपल्या दुकानातून ओरडला, "काय भट्टीवाले, सून बाळंत झाली की काय?" लोहाराकडं बसलेले सगळे हसले. घरी येऊन मामंजींनी हंडा ठेवला तो असा की त्याला पोचा पडला. तो पोचा पुढं आयुष्यभर तसाच होता, मी त्याच हंड्यानं पाणी आणत असे.

पहिला घाणा करपला. तेल काळपट आलं आणि घरभर जळक्या दोरखंडाचा वास सुटला. चूल, अंथरुणं, माझे केस, सगळ्याला तो वास.

मामंजींच्या मनानं घेतलं की हौदावर सावली हवी. फळ्या शोधल्या, मिळाल्या नाहीत. दुपारी वन्सं शेतात असताना त्यांनी ह्यांना सांगितलं, ते पडवीचं दार काढ. हे जागचे हलले नाहीत. मग मामंजींनी स्वतः बिजागऱ्यांचे खिळे उपसले आणि दार आणून हौदावर आडवं टाकलं. काम तसं चुकीचं नव्हतं, सावली पडली, पाणी जरा कमी तापलं. पण ह्यांनी त्या दिवशी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

वन्सं संध्याकाळी गवताचा भारा घेऊन आल्या. भारा टाकला आणि पाहिलं. दाराची कडी वरच्या बाजूला होती, वाफेनं तिच्यावर थेंब जमले होते. वन्संनी अंगठ्यानं ते थेंब पुसले, ताटाची कड पुसावी तसे, आणि आत गेल्या. पडवीच्या तोंडाला त्यांनी एक जुनी चादर बांधली. वारा आला की ती फुगायची आणि आतली पेटी, अंथरूण, वळचणीला टांगलेला कंगवा सगळ्या अंगणाला दिसायचं. शेजारची शेळी तर सरळ आत जाऊन बसायला लागली. वन्सं म्हणायच्या, बसू दे, तिलाही सासर नाही. पण जेवायला त्या आता सगळ्यांच्या मागून बसत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत नसत. कणगीत ओतायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं. मी न विचारता वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरत.

अत्तरवाल्याचे डबे आले. गाडीवाल्यानं ते अंगणात उतरवले आणि निरोप दिला की मालक परवा येतील, भरून ठेवा. डबे पाहून मामंजींनी रांजणांत डोकावलं. भट्टी अर्धवट चालली होती, पाणी तळाला होतं. सगळे रांजण पालथे केले असते तरी त्यातला एक डबा भरला नसता.

मग त्यांनी एक विचार केला. त्यांना तो फार साधा वाटला असणार. पाण्याला वास कशाचा? तेलाचा. तेल आपल्याकडं आहे. विहिरीच्या पाण्यात तेल घातलं की झालं, भट्टीतून काढायचं कशाला? तेल वर तरंगतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, सारं आयुष्य त्यांनी ते पाण्यावरूनच तर काढलं होतं. पण घुसळलं तर बसेल असं त्यांना वाटलं. मोठ्या पिंपात पाणी घेतलं, बाटली उपडी केली, ताकाची रवी मागवली आणि दोरी ओढत घुसळत राहिले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. अंगणात असा वास सुटला की लोहारही दुकान सोडून बघायला आला. मामंजी घामानं निथळत होते आणि कित्येक दिवसांनी हसत होते.

सकाळी पिंपावर पिवळा तवंग होता, सायीसारखा, अखंड. मी पाहिलं आणि चुलीकडं गेले. ह्यांनी पाहिलं आणि वडिलांकडं पाहिलं. ह्यांच्या मनात काय आलं ते त्यांनी बोलून दाखवलं, की हे कुणाच्या अंगाला लागलं तर भाजेल. मामंजी म्हणाले, काही भाजत नाही, अंगाला लावायचीच वस्तू आहे. आणि ते खरं करून दाखवायला त्यांनी पिंपात ओंजळ घातली, वरच्या वर, आणि तोंडावर मारली.

पुरुष माणूस कळवळला की कसा आवाज येतो तो मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ते खाली बसले, डोळे दोन्ही तळव्यांनी दाबून. हे विहिरीकडं धावायला निघाले तर चादर बाजूला करून वन्सं बाहेर आल्या. त्यांच्या हातात स्वयंपाकाच्या तेलाची वाटी आणि कापूस होता.

"पाण्यानं धुऊ नका आता," त्या म्हणाल्या. "तेलाला पाणी कळत नाही. तेलाला तेलच कळतं."

त्यांनी बापाचं डोकं आपल्या गुडघ्याला टेकवलं आणि तेलात भिजवलेल्या कापसानं पापण्या, भुवया, गाल पुसले. कापूस बदलून पुन्हा पुसले. मग नुसत्या पाण्याची धार डोळ्यांत कितीतरी वेळ सोडत राहिल्या. पालथे हंडे त्यांनी त्यासाठी सरळ केले. मामंजी लहान मुलासारखे निमूट पडून होते. त्यांची दाढी वाढली होती, पांढरी. दिवसभर ते अंधाऱ्या खोलीत ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन होते आणि वन्सं फडकं बदलत होत्या.

दिवस कलल्यावर मामंजींनी डोळे मिटलेले असतानाच विचारलं, "सुईणीला तू ती बाटली देतेस. त्यात तेल असतं ना? ते वर कसं येत नाही?"

"येतं. उशिरा येतं."

"डबे भरून देशील?"

वन्सं फडकं पिळत राहिल्या. मी दारात दिवा घेऊन उभी होते, मला वाटलं त्या नाहीच म्हणणार. त्या म्हणाल्या, देते. पण अत्तरवाल्यासमोर दोन्ही पाणी ठेवायची. हेही आणि भट्टीचंही. कुठलं कसं झालं ते लपवायचं नाही. त्यानं भट्टीचं घेतलं, तर ते बायकांचं, आम्ही वाहू आणि आम्हीच त्याला देऊ.

"आणि दुसरं घेतलं तर?"

वन्संना हसू आलं. खरंच हसू आलं. "आबा, त्याचा धंदा वासाचा आहे," त्या म्हणाल्या.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी ते काम काढलं, कारण त्यांना उजेड हवा होता. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून मी स्पिरिट आणलं. वन्संनी ते काचेच्या बाटलीत घेतलं आणि त्यात तेलाचे थेंब सोडले, मोजके, बाटली डोळ्यांसमोर धरून. बूच लावून हलवलं. तेल दिसेनासं झालं, बाटली आरपार स्वच्छ. मग त्यांनी मला पिंप धुऊन त्यात भरलेलं ताजं पाणी लाकडी उलथन्यानं फिरवत राहायला सांगितलं आणि बाटलीतली बारीक धार, सुईत ओवायच्या दोऱ्याएवढी, त्यात सोडली. धार पाण्यात शिरली तिथं धुराची वेल उगवावी तसं पांढरं काहीतरी उठलं आणि पसरलं. वर तवंग आला नाही.

"तेल हट्टी असतं," त्या मला म्हणाल्या. "परक्या घरात एकटं सोडलं की वरवरच राहतं. आधी कुणाच्या तरी ओळखीनं न्यावं लागतं."

माझा हात थांबला होता. त्यांनी तो कोपरानं ढकलला. "फिरव."

अत्तरवाला आला. ओट्यावर दोन पेले ठेवले होते. एकात ते पांढुरकं पाणी, दुसऱ्यात वन्संच्या शेवटच्या रांजणातलं, बरं वर्ष होतं तेव्हाचं, त्यांनी जपून ठेवलेलं. मामंजी सुजल्या डोळ्यांनी खांबाला टेकून बसले होते. वन्सं खाली अंगणात उभ्या होत्या, हात पुसत, हात कोरडे असूनही.

त्यानं पांढुरक्याचा वास घेतला. मग भट्टीच्या पाण्याचा घेतला. मग पुन्हा पहिल्याचा. बोट बुडवून मनगटाला लावलं.

"हे," तो म्हणाला आणि पांढुरका पेला पुढं सरकवला. "यालाच वास आहे. ते दुसरं शिजवलेल्या गवतासारखं लागतं."

"ते शिजवलेलं गवतच आहे," वन्सं म्हणाल्या.

तो मनमोकळा हसला. वाईट माणूस नव्हता तोही. शहरात जे खपतं ते त्याला माहीत होतं. आता माझी नात बाटलीतून असंच काहीतरी उशीवर फवारते आणि मला विचारते, आजी, छान आहे ना? मी छान म्हणते. ते छानच असतं.

मग त्यानं विचारलं, हे केलंत कसं? मामंजी खोकले. एकदा, आणि मग आणखी मोठ्यानं. त्या खोकल्याचा अर्थ कुत्र्यालासुद्धा कळला असता. वन्संनी बापाकडं पाहिलं. आणि अत्तरवाल्याला सगळं सांगितलं, काही न वगळता. आधी स्पिरिट, त्यात तेल, किती, बाटली कशी हलवायची, धार किती बारीक. जास्त तेल घातलं तर कातडी भाजते, हे सांगून त्यांनी वडिलांच्या डोळ्यांकडं बोट केलं. आणि म्हणाल्या, "तरी हलवूनच वापरायचं. तेल शेवटी वर येतंच."

अत्तरवाला मान हलवत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं डब्यांकडं पाहिलं आणि मग रस्त्याकडं. म्हणाला, मग पाणी एवढ्या लांब वाहून कशाला न्यायचं? पाणी आमच्याकडं नळाला येतं. तुम्ही तेल तेवढं देत जा. गाडीवाल्यानं रिकामे डबे पुन्हा गाडीत चढवले. एकात एक ठेवले, मोठा आवाज झाला.

गाडीची धूळ बसली. मग मामंजींनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "का सांगितलंस?"

"पाणी परत पाहिजे होतं. डबे येत राहिले, तर तुमचा डोळा पाण्यावर राहणार."

"कुणालाच नको असलेलं?"

"तेच," वन्सं म्हणाल्या. "कुणालाच नको असलं तरच ते आमच्याकडे राहतं."

त्यांनी ओट्यावरचे दोन्ही पेले उचलले. पांढुरका अंगणात ओतला. दुसरा रांजणात परत ओतला, थेंबही न सांडता, आणि पेला झटकला.

हे उठले. कुणाला न विचारता हौदावरून दार उचललं आणि पडवीकडं नेलं. वाफेनं ते खालून फुगलं होतं, चौकटीत बसेना. ह्यांनी खिळे ठोकले, खांदा लावला, पुन्हा ठोकले. शेळी बाहेर हाकलली. मामंजी खांबाला टेकून ते सगळं बघत होते, आणि खिळा खाली पडला तेव्हा त्यांनी तो वाकून उचलला आणि मुलाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना माझ्या खोलीच्या दाराशी आवाज आला, "चल, वहिनी." वन्संच्या डोक्यावर चुंबळ होती. विहिरीवर दोराची गाठ अडकली तेव्हा त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या, आत खोलवर बघत.

"त्याला खरंच कळलं नसेल का गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "सर्दी झाली असेल त्याला."

त्यांना हसू फुटलं आणि ते आवरेना. गाठ सुटली, बादली धपकन खाली गेली आणि विहिरीतून तिचा आवाज वर आला.

भट्टी पुढं बरीच वर्षं चालली. पाण्यावर पुन्हा कुणी हक्क सांगितला नाही. सुईण नेत राहिली, आजाऱ्यांच्या घरचे नेत राहिले, कणगीत वन्संचा वाटा पडत राहिला. दार मात्र शेवटपर्यंत जमिनीला घासतच उघडायचं आणि कडी लावायला जोर करावा लागायचा. त्या लाकडाला गवताचा वास लागला तो गेलाच नाही.

मामंजी शेवटी अंथरुणाला खिळले. तेव्हाही असाच कोरडा उन्हाळा होता. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नव्हतं. मी त्यांना वारा घालत होते आणि ते उशीवर डोकं इकडून तिकडं करत होते. मग त्यांनी हाक मारली. वन्सं आल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत घरातल्या कुठल्या पुरुषानं ते पाणी मागून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं, लागलं तर रांजणातून उचलून घेत.

"तुझं पाणी असेल तर थोडं देतेस का?" मामंजी म्हणाले.

पडवीचं दार घासल्याचा आवाज आला. वन्सं तांब्या घेऊन आल्या, फडकं भिजवलं, त्यांच्या कपाळावरून, मिटल्या पापण्यांवरून, गळ्यावरून फिरवलं. मामंजींनी दीर्घ श्वास घेतला. बराच वेळ तो आतच ठेवला.

"शिजवलेल्या गवतासारखं लागतं," ते म्हणाले.

"तेच आहे ते, आबा."

मी कोरडं फडकं पुढं केलं. मामंजींनी हातानं चाचपडत ते बाजूला सारलं. "पुसू नका," ते म्हणाले. "राहू दे तोंडावर."